वीराआधी अद्भुत

महामानवांचा चित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक त्याविषयी जे बोलतो, त्याची समीक्षा म्हणून सहसा कोणी नोंद घेत नाही. ‘मारामारी झकास, पण गोष्टीत दम नाही’ हा अभिप्राय वर्ध्यातल्या चहाच्या टपरीवर जितक्या सहजपणे दिला जातो, तितक्याच सहजपणे तो विसरलाही जातो. वस्तुतः या एका वाक्यात रसव्यवस्थेचा जुना प्रश्न दडलेला आहे. मारामारी झकास असूनही दम का नसावा?

भरताच्या नाट्यशास्त्रात वीराचा स्थायिभाव उत्साह, तर अद्भुताचा विस्मय होय. वीरापासून अद्भुत निष्पन्न होते, असा जन्यजनकसंबंधही तेथे सांगितला आहे. म्हणजे आधी निश्चय, मग पराक्रम, आणि त्या पराक्रमाच्या दर्शनाने विस्मय. महामानवपटाने हा क्रम उलटा केला. कोळी चावतो किंवा वीज अंगावर पडते आणि सामर्थ्य आयते पदरात येते. उत्साहाची जुळवाजुळव मागाहून करावी लागते. पुष्कळ चित्रपटांना ती साधत नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मधला (१९१७) मारुतीही उडत होता, पण त्या उड्डाणामागे रामकार्य होते आणि प्रेक्षकाला ते आधीपासून ठाऊक होते.

क्रम उलटूनही वीररस साधता येतो, हे बेसिल जोसेफ दिग्दर्शित ‘मिन्नल मुरली’ (२०२१) या मल्याळम चित्रपटाने दाखवले. एकाच रात्री वीज दोघांवर पडते: एक गावातला शिंपी, दुसरा चहाच्या दुकानात राबणारा उपेक्षित माणूस. सामर्थ्य दोघांना सारखेच मिळते, तरी एक नायक होतो व दुसरा खलनायक. हा भेद अद्भुताने केलेला नाही. गावाने त्या दुसऱ्याला वर्षानुवर्षे जी वागणूक दिली, तिचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणून त्याच्या पराभवाने टाळ्या वाजवणाऱ्या हातांना थोडा संकोच वाटतो.

‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ (२०१८) मात्र भव्य असूनही वैचारिकदृष्ट्या तोकडा वाटतो. त्यातल्या थॅनॉसचे म्हणणे असे की विश्वातली साधने अपुरी आहेत, म्हणून निम्मी जीवसृष्टी नष्ट करावी. हा माल्थसच्या वळणाचा आर्थिक प्रश्न आहे, आणि नायकांकडे त्याला उत्तर आहे ते बुक्कीचे. वर्ध्याच्या प्रेक्षकाला ही उणीव अधिक जाणवायला हवी. येथेच १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी साधनांच्या मर्यादेचाच विचार केला. तुरुंगात लिहिलेल्या आपल्या स्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी परोपजीवी व लुटारू व्यवहारापासून सेवेच्या व्यवहारापर्यंत पायऱ्या दाखवल्या. खाणारी तोंडे कमी करण्याऐवजी खाण्याची रीत तपासावी, असा त्या विचाराचा रोख आहे. करमणुकीच्या चित्रपटाकडून अर्थशास्त्राची अपेक्षा का करावी, असे कोणी विचारील. अपेक्षा शास्त्राची नाहीच. परंतु संहितेने खलनायकाला विचार दिला आणि नायकाला केवळ स्नायू दिले, हा रचनेतला असमतोल आहे आणि तो रसहानी करतो.

याहून मोठी अडचण खलनायकाच्या चेहऱ्याची आहे. महामानवाला ठोसा मारण्यासाठी समोर कोणीतरी लागतो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्हा होता. कर्ज, कापसाचा भाव, लहरी पाऊस यांपैकी कोणाची गचांडी धरावी? संकटाला चेहरा नसला की युद्धवीर निरुपयोगी ठरतो. पडद्यावरचा चेहरा असलेला शत्रू या भूमीतल्या प्रेक्षकाला हवासा वाटतो, त्याचे एक कारण हेही असावे. ती पळवाट आहे, पण तिच्यामागची गरज खरी आहे.

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तसेच करील या धास्तीने अलका त्याच्यावर नजर ठेवते, लहानग्या मुलाला त्याच्या मागे धाडते. तिच्याकडे कोणतेही सामर्थ्य नाही, विस्मयाचा लवलेश नाही; निश्चय मात्र प्रत्येक दिवशी नव्याने करावा लागतो. भरताने दानवीर, धर्मवीर व युद्धवीर असे तीन प्रकार मानले. उत्तरकालीन आलंकारिकांनी दयावीराची भर घातली. राखण करणारी अलका या चारांपैकी कोणत्याच कोटीत नीट बसत नाही. तरीही तिच्या ठायी उत्साह हा स्थायिभाव नाही, असे म्हणणे कोणत्याही आलंकारिकाला जड जाईल.