बारावा मजला

दोह्यात पाहुणे आले की आपण त्यांना कॉर्निशवर फिरवतो, सूक वाकिफला नेतो, फार तर वाळवंटात उंटावर बसवतो. गेल्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ आला होता. पुण्यात डॉक्टर आहे. त्याला म्हटलं, चल, इंडस्ट्रियल एरिया दाखवतो. बायकोने डोळे वटारले, पण गेलो.

इथे रस्त्यांना नंबर आहेत. गॅरेजं, गोदामं, धूळ आणि मधूनमधून कामगारांचे कॅम्प. २०१८ साली इथे हजम मबैरीक हे मोठं सरकारी रुग्णालय सुरू झालं. रेड क्रेसेंट चालवते ती कामगारांची आरोग्य केंद्रं वेगळीच. भाऊ म्हणाला, "सगळं तर आहे. मग अडतं कुठे?"

संध्याकाळी कडक करक चहा पिताना आमच्या साइटवरचा, चिपळूणकडचा एक फिटर भेटला. मूतखड्याने हैराण. भावाने सवयीने विचारलं, "पाणी किती पिता?"

"पाणी थंडगार असतं हो. पण प्यायलं की उतरावं लागतं. आम्ही बाराव्या मजल्यावर, संडास तळाला. दोनदा उतरलं की मुकादम बोलतो. म्हणून बेतानंच पितो." दवाखान्यात का जात नाही? अर्धा दिवस जातो, ओव्हरटाइम बुडतो, आणि मुलीची कॉलेजची फी भरायची आहे. गावाहून आणलेल्या गोळ्यांवर भागवतो.

कायदा नाही असं नाही. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा नियम २००७ पासूनचा. २०२१ मध्ये तो वाढवला: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम नाही. शिवाय 'वेट बल्ब ग्लोब' निर्देशांक ३२.१ अंशांपुढे गेला की काम केव्हाही थांबवायचं. (हे नुसतं तापमान नव्हे. दमटपणा, ऊन, वारा सगळं त्यात येतं. मास्टर्सला असताना मी याची गणितं केली होती, एसीत बसून!) आमच्या साइटवर तो मापक आहे, पाण्याचे कूलर आहेत, तपासनीस येतात तेव्हा सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होतात. संडास कितव्या मजल्यावर, असा रकानाच नाही.

परतताना भाऊ गप्प होता. मीही. त्या साइटच्या आराखड्यावर सही माझी होती.

पुढच्या आठवड्यात मी सहाव्या आणि बाराव्या मजल्यावर तात्पुरती स्वच्छतागृहं मागितली. सहाव्यावरचं मिळालं.