इंदुमतीच्या मागे कोण कोण उभं आहे

आर्वी

चि. राणीस,


‘रघुवंशा’तली अज-इंदुमतीची गोष्ट कालिदासाने कुठून उचलली, असं तू विचारलंस. फार बरं वाटलं. ही विदर्भाची लेक, आणि आपल्याकडे कुणी तिचं नाव काढत नाही. वर्धा नदीपलीकडच्या कौंडण्यपूरला जो जातो तो रुक्मिणीसाठी. फार तर दमयंती आठवते. ‘रघुवंशा’च्या सातव्या सर्गात अजाला तीन मुक्काम सोबत करून परतणारा इंदुमतीचा भाऊ कुंडिनपूरचाच, म्हणजे याच कौंडण्यपूरचा, राजा आहे. आपली वर्धा म्हणजे कालिदासाची वरदा. ‘मालविकाग्निमित्रा’च्या शेवटी विदर्भाची वाटणी होते ती हिचेच दोन काठ धरून. पवनार हीच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असं संशोधक मिराशींनी मांडलं. ती वसवणारा वाकाटक राजा प्रवरसेन चंद्रगुप्त विक्रमादित्याचा नातू, आणि त्याच्या ‘सेतुबंध’ काव्यात कालिदासाचा हात होता अशी जुनी समजूत आहे. तेव्हा हा मुलूख कवीला परका नसावा.

आता गोष्टीकडे येते. वाल्मीकीकडे इंदुमती नाहीच. बालकांडातल्या वंशावळीत अज नुसता नावाला येतो, तोही नाभागाचा मुलगा म्हणून; रघू कितीतरी पिढ्या वर. रघू, अज, दशरथ हा क्रम पुराणांतला. म्हणजे कथेच्या नावाने कालिदासाला आयतं काही मिळालं नव्हतं. बाकीचं त्याने ठिकठिकाणाहून गोळा केलं.

स्वयंवर पाहा. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. विदर्भाची राजकन्या, जमलेले राजे, हा थाट तिथला. अजाची वरात पाहायला बायका हातातलं काम टाकून खिडक्यांकडे धावतात. तसंच दृश्य अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’च्या तिसऱ्या सर्गात आहे. कोणी कोणाचं घेतलं यावर पंडितांचा वाद आहे. मला अश्वघोष आधीचा वाटतो.

इंदुमतीसारखी शापाने पृथ्वीवर आलेली अप्सरा तर उर्वशीपासून ओळखीची; पुरूरव्याशी तिचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. पण इंदुमतीची खरी थोरली बहीण मला आदिपर्वातली प्रमद्वरा वाटते. मेनकेची मुलगी. लग्नाच्या तोंडावर तिला साप चावतो. रुरू रानात जाऊन आक्रोश करतो, आपलं अर्धं आयुष्य देतो आणि ती उठून बसते. कालिदासाने साप काढला, त्या जागी नारदाच्या वीणेवरून वाऱ्याने उडून इंदुमतीचा जीव घेणारी फुलांची माळ ठेवली. आणि अर्ध्या आयुष्याचा सौदा साफ काढून टाकला. इंदुमती उठत नाही.

इथे जरा थांब. आधीच्या काव्यांत प्रेताजवळ बसून रडतात त्या बायका: तारा, मंदोदरी, स्त्रीपर्वातल्या सगळ्याजणी. राम रडतो, पण सीता हरवलेली असते, मेलेली नसते. कालिदासाने राजाच्या मांडीवर बायकोचं कलेवर ठेवलं आणि त्याला बोलू दिलं. ‘कुमारसंभवा’त रतीच्या विलापाला जो वियोगिनी छंद दिला, तोच इथे पुरुषाला दिला. आणि अज बोलतो काय? दोघांनी मिळून ओवायला घेतलेली बकुळीची मेखला अर्धी राहिली, म्हणतो. आंब्याचं आणि प्रियंगूचं लग्न लावायचं तू ठरवलं होतंस, ते न लावताच निघालीस, म्हणतो. असला घरगुती तपशील मला जुन्या विलापांत दिसला नाही. हे त्याचं स्वतःचं.

स्वयंवरात ती राजांच्या रांगेतून जाते तेव्हा कवी तिला चालती दीपशिखा म्हणतो. त्यावरून तर त्यालाच ‘दीपशिखा कालिदास’ म्हणू लागले. पण मरताना ती नवऱ्यालाही घेऊन कोसळते, तिथे पुन्हा दिवाच येतो, तेलाच्या थेंबाबरोबर खाली पडणारी ज्योत. पहिली उपमा सगळ्यांना पाठ असते, दुसरीकडे फारसं कुणी पाहत नाही. दोन्ही जवळ ठेवून वाच.

माझं मत आता सांगते, पटलं नाही तर भांड. अजाच्या दुःखाचा सगळ्यात मोठा उगम मला कुठल्याच प्रेमकथेत दिसत नाही. तो वाल्मीकीच्या अयोध्याकांडात आहे, दशरथाच्या मृत्यूत. अजाचा मुलगा दशरथ रामाच्या वियोगाने मेला हे ठरलेलं होतं. कालिदासाने त्यावरून बाप रचला. वसिष्ठांचा शिष्य येऊन, इंदुमती मुळात हरिणी अप्सरा होती ही, तृणबिंदूच्या शापाची हकीकत सांगतो, समजूत घालतो. उपदेश अजाला लागत नाही. भिंतीत पिंपरीचं रोप रुजावं तसं दुःख आत शिरतं. मुलगा लहान म्हणून आठ वर्षं काढतो आणि मग गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो.

त्या आठ वर्षांत दशरथ त्याच घरात वाढत होता, आणि पुढच्याच सर्गात तमसेकाठी त्याचा बाण आंधळ्या आईबापांच्या मुलाला लागतो. पुत्रशोकाने मरशील असा शाप येतो. लेख लिहिशील तेव्हा आठवा आणि नववा सर्ग सलग घे. टीपा नंतर कर. कच्चा खर्डा झाला की पाठव.

तुझी
आत्या