भूप नव्हे, पोल्का

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवे काही शिकायला जाऊ नये, असे माझे मत होते. मास्तरने तर मुळीच जाऊ नये. दुसऱ्याच्या चुका काढता काढता स्वतः चुकण्याची त्याची सवय मोडलेली असते. 2023 च्या मेमध्ये धाकट्या बहिणीने मला आयर्लंडला नेले नसते, तर हे मत मी आजही बाळगून असतो.

ती केरी परगण्यात परिचारिका आहे. किलार्नीच्या पूर्वेला स्लिव्ह लूखरा नावाचा मुलूख आहे. लूखरा म्हणजे लव्हाळ्यांची जागा. जमीन ओली, दलदलीची. पण नाचाच्या चाली तिथे उदंड पिकतात. त्यांतली एक जात पोल्का. हे नाव ऐकताच मला आईचे पोलके आठवले आणि बहीण खो खो हसली. पोल्का मूळचा बोहेमियाचा. 1840 च्या दशकात त्याने पॅरिसला वेड लावले. पुढे आयर्लंडात येऊन तो या केरी-कॉर्कच्या सीमेवर घरचाच झाला.

बहिणीच्या शेजारी एक आजोबा फिडल वाजवीत. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. "दादा लहानपणी शिकलाय," असे बहिणीने सांगून टाकले आणि आजोबांनी वाद्य माझ्या हाती दिले. मी सवयीने जमिनीवर मांडी घालू लागलो, तेव्हा त्यांनी हसून खुर्ची पुढे सरकवली.

त्यांनी दिलेली चाल होती 'ईगनचा पोल्का'. छोटे दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजवायचा, की झाली एक फेरी. गंधारावरून एकदम खालच्या पंचमावर उडी. पहिल्या भागात मध्यम नाही, निषाद नाही. हा तर आपला भूप! मला मोठा आनंद झाला. मी गंधारावर मींड घेतली, धैवतावर जरा रेंगाळलो.

आजोबा काही बोलले नाहीत. उठले आणि नाचू लागले. माझा सूर मागे आणि त्यांचा पाय हवेत! ही चाल कानांसाठी नव्हतीच, पायांसाठी होती. गजाने एक-दोन, एक-दोन अशी उचल दिली नाही, तर नाचणाऱ्याने पाऊल टाकायचे कुठे?

त्यांनी मला पॉड्रिग ओ'कीफची गोष्ट सांगितली. जन्म 1887, मृत्यू 1963. तोही मास्तर. 1920 च्या सुमारास शाळा सुटली. मग डोंगरातली घरे पायी पालथी घालून त्याने फिडल शिकवले. डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही नामांकित भावंडे त्याचीच शिष्य. स्वरलिपी न येणाऱ्यांसाठी त्याने स्वतःची खूण काढली होती: चार तारांच्या चार जागा आणि बोटांचे आकडे. ज्याला जसे कळेल तसे लिहून द्यायचे.

ते ऐकताना मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. संमेलनाच्या समूहगीतात त्याचा सूर लागेना. "तू नुसते ओठ हलव," मी म्हणालो होतो. तीन वर्षे त्याने इमानाने ओठ हलवले.

निघायच्या आदल्या रात्री पबमध्ये बैठक होती. माझ्यापुढे चहा, आजोबांच्या डोळ्यांत खूण. पहिल्या फेरीत मी घसरलो आणि थांबलो. कोणी वळून पाहिले नाही. तिथे एक चाल तीनदा वाजवतात. दुसऱ्या फेरीत मी धावत्या गाडीत चढावे तसा चढलो, तिसरीत शेवटपर्यंत पोचलो.

तो मुलगा आता गावात रिक्षा चालवतो. जूनमध्ये मी मुद्दाम त्याच्या रिक्षात बसलो. काय बोलायचे ते घरून ठरवून निघालो होतो. प्रत्यक्षात सुटे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले, एवढेच. "येतो सर," म्हणून तो निघून गेला.

पहिली फेरी फसली. दोन अजून बाकी आहेत.