मागचा डोंगर

आमच्या घराण्यात फोटो काढून घेण्याची हौस सर्वांना. फोटोच्या मागे दोन शब्द लिहिण्याची कोणालाच नाही. फार तर 'सप्रेम' एवढेच लिहिलेले असते. कोणाला सप्रेम, कुठून सप्रेम, हे ज्याचे त्याने ओळखावे. त्यामुळे आमच्याकडे जुना अल्बम उघडला की पहिल्या पानावर 'हे कोण?', दुसऱ्यावर 'हे कुठलं?' आणि तिसऱ्यावर भांडण, असा क्रम ठरलेला असतो.

'हे कोण?' याचे उत्तर नाकावरून देता येते. आमच्या घराण्याचे नाक माणसाच्या आधी फोटोत येते. 'हे कुठलं?' हा प्रश्न मात्र अवघड. डोंगरालाही नाक असते आणि त्यावरून त्याचा ठावठिकाणा लागतो, हे मला मावशीच्या नातीने शिकवले.

ही नात पुण्याला इंजिनियरिंग शिकते. म्हणजे कॉलेज इंजिनियरिंगचे आहे. ती शिकते ते दुसरेच. कोणताही फोटो हाती आला की तो कुठे काढला हे हुडकायचे, असा तिला नाद आहे. त्यासाठी कुठे चोरून शिरायचे नाही, कोणाला फितवायचे नाही. उपग्रहांनी काढलेली चित्रे, नकाशे, दुकानांच्या पाट्या, सूर्याचे वेळापत्रक, अशी जी माहिती साऱ्या जगाला उघडी आहे तेवढ्यावर भागवायचे. याला म्हणे 'ओपन सोर्स' म्हणतात. आमच्या चाळीतल्या बायका हेच शास्त्र काही एक उपकरण न वापरता चालवीत असत. दाराबाहेरच्या चपला पाहून आत कोण आले आहे, कुठल्या गाडीने आले आहे आणि जेवून जाणार की चहावर कटणार, हे त्या समोरच्या गॅलरीतून सांगत.

या नादापायी माणसे काय काय करतात! 2017 साली शाया लबफ नावाच्या अमेरिकन नटाने साथीदारांसह एका अज्ञात ठिकाणी निशाण उभारले आणि त्याच्यावर कॅमेरा रोखून ते चित्र जगाला दाखवायला सुरुवात केली. चित्रात काय, तर निशाण आणि आकाश. त्याच्या विरोधकांनी आकाशातल्या विमानांच्या पांढऱ्या रेघा विमानांच्या मार्गांशी ताडून पाहिल्या, रात्रीचे तारे तपासले, आणि शेवटी एक गडी टेनेसी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावाच्या आसपास मोटारीचा भोंगा वाजवीत हिंडला. भोंगा त्या चित्रात ऐकू आला, तिथेच निशाण! दोन दिवसांच्या आत पळवले. आमच्या गल्लीत कोणी असा भोंगा वाजवीत हिंडला असता तर निशाणाआधी तोच सापडला असता.

पण हसण्यावारी न्यावी अशी ही विद्या नाही. 2018 साली, सैनिक दोन बायका आणि त्यांच्या दोन लहानग्यांना गोळ्या घालीत आहेत, अशी एक चित्रफीत बाहेर आली. हे आमच्याकडचे नव्हेच, म्हणून कॅमेरूनच्या सरकारने हात झटकले. बीबीसीच्या पत्रकारांनी आणि त्यांच्याबरोबरच्या शोधकांनी चित्रफितीत मागे दिसणारी डोंगराची कड घेतली, उपग्रहाच्या चित्रांशी जुळवली आणि जागा काढली : उत्तर कॅमेरूनमधल्या झेलेवेत गावाजवळ. 2020 साली चार सैनिकांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. "माणसं साक्ष फिरवतात, डोंगराला फिरवता येत नाही," असे नात म्हणाली, तेव्हा दिवाळीचा फराळ करणारी मंडळी क्षणभर गप्प झाली.

आणि मग कोणीतरी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवले.

हा फोटो मावशीचा. 1968 सालचा, कृष्णधवल, मोठा करून चौकटीत बसवलेला. विशीतली मावशी, शेजारी आमचे काका. गळ्यात मफलर, हात पुढे बांधलेले, वर्गशिक्षकांनी शिक्षा म्हणून उभे केल्यासारखे. मागे डोंगर. मावशी आणि काका यांचा दोघांचाच असा हा एकमेव फोटो, आणि तो पनवेलच्या घरातला कायमचा वाद होता. काका गेल्यापासून मावशी सांगत आली की हा माथेरानला काढलेला आहे. तिचे थोरले दीर अण्णा (वय 88, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त) म्हणत की प्रबळगडाच्या पायथ्याशी नात्यातली मुंज होती, तेव्हाचा हा फोटो. खुद्द धाकट्यानेच त्यांना तसे सांगितले होते.

"त्या वर्षी बहिणीचं लग्न अंगावर. पै न् पै मोजत होतो आम्ही," अण्णा म्हणत. "आणि मला न सांगता हा माथेरानला जाणार? भोळा सांब होता तो! वडिलांनी दिलेलं मनगटी घड्याळ त्याच साली गाडीत घालवून आला. ज्याला घड्याळ सांभाळता येईना, तो बायकोला घेऊन गुपचूप डोंगर चढणार!"

मावशी वाद घालीत नसे. "बरं, तसं," म्हणे आणि कोथिंबीर निवडायला घेई. पण आयुष्यात ती हौसेने अशी एकदाच कुठे गेली होती, आणि तेही गेली नव्हती असे घरचे सांगत, तेव्हा कोथिंबिरीची देठे जरा जास्तच मोडत.

नातीने संगणक उघडला. त्यात 'गूगल अर्थ' नावाची एक सोय असते. अर्थ म्हणजे पृथ्वी, हे मी अण्णांना समजावून सांगितले. "मोजणी कोणी केली?" एवढेच त्यांनी विचारले. पडद्यावर पनवेल आणि माथेरान यांच्या मधला प्रबळगड उभा राहिला. सपाट माथ्याचा गड, त्याला लागून कलावंतिणीचा सुळका, आणि दोहोंच्या मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. हेच ते नाक. सुळका गडाच्या उत्तरेला. म्हणजे पनवेलच्या बाजूने पाहिले तर तो डावीकडे दिसणार, आणि पलीकडे माथेरानवरून पाहिले तर उजवीकडे.

फोटोत सुळका डावीकडे होता.

"पनवेलची बाजू!" अण्णांनी करंजी ताटात ठेवून निकाल दिला. नातीने सावल्या तपासल्या. त्याही फितूर निघाल्या. हिवाळ्यातल्या दुपारी पनवेलच्या बाजूला जशा पडाव्यात, तंतोतंत तशा. माथेरानच्या तांबड्या मातीची साक्ष काढावी, तर फोटो कृष्णधवल. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान 'शोधून काढले' असे पुस्तकात असते. (तिथे आधीपासून राहणाऱ्यांना ते हरवल्याचे ठाऊक नव्हते.) आमच्या मावशीला ते 1968 साली सापडले होते, आणि आता भर दिवाळीत ते पुन्हा हरवण्याची वेळ आली होती.

अण्णा जिंकल्यावर थांबत नाहीत. "आता तूच सांग," ते मावशीला म्हणाले, "माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलला असं म्हणायचंय तुला?"

मावशीने कोथिंबीर बाजूला ठेवली.

"भावजी, माझा पदर बघा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. "इथला नाही हो. फोटोतला. उजव्या खांद्यावर पदर मी जन्मात कधी घेतलाय? आणि ह्यांच्या सदऱ्याचा खिसा बघा, तोही उजवीकडे. फोटो उलटा छापलाय."

"आजी, हे तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलं? तुम्ही सगळे डोंगराकडे बघत होतात."

नातीने एक बटन दाबले. मावशीचा पदर डाव्या खांद्यावर आला, काकांचा खिसा हृदयाच्या बाजूला गेला आणि कलावंतिणीचा सुळका उडी मारून उजवीकडे जाऊन बसला. मग तिने ते चित्र माथेरानच्या पॉर्क्युपाईन पॉइंटवरून, म्हणजे लोक ज्याला सनसेट पॉइंट म्हणतात तिथून, लावून पाहिले. खाच खाचेवर बसली. सावल्याही निमूटपणे सकाळच्या झाल्या.

"स्टुडिओवाल्याचा गाढवपणा," अण्णा पुटपुटले.

"त्याला बोल लावू नका. ह्यांनीच त्याला उलटा छापायला सांगितलं होतं," मावशी म्हणाली. "म्हणाले, अण्णा मोजणीतला माणूस, तो डोंगर बघणार. पदर नाही बघणार."

असा डोंगरही फिरवता येतो तर! आणि कोणी फिरवला, तर भोळ्या सांबाने.

मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. कल्याणला आत्याकडे जातो म्हणून घरी सांगितले, कल्याणहून नेरळची गाडी धरली, आणि नेरळहून ती छोटी गाडी. 1907 साली सुरू झालेल्या त्या नेरळ-माथेरान मार्गावर एकच बोगदा आहे आणि त्याचे नाव 'वन किस टनेल' असे आहे. नातीने त्या बोगद्याबद्दल काही विचारले, ते मावशीला ऐकू आले नाही. एरवी तिला तिसऱ्या खोलीतले ऐकू येते.

अण्णा उठले, भिंतीजवळ गेले. चष्मा पुसून फोटोकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. या वेळी डोंगराकडे नव्हे.

"मनगट मोकळं दिसतंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वडिलांचं घड्याळ. गाडीत चोरीला गेलं होतं ना?"

"भावजी," मावशी म्हणाली, "चहात साखर किती घालू?"

पन्नासहून अधिक वर्षे ती त्यांना रोज दोन वेळा चहा देते आहे.

"दोन चमचे घाल," अण्णा म्हणाले.