मागे खेळणारा गडी

हॉकीच्या मैदानावर टाळी पडते ती गोल करणाऱ्याला. ज्याने चेंडू मागे अडवून पुढे धाडला, त्याचे नाव घरी परतताना क्वचितच कोणाच्या तोंडी असते. आमचा उचगावचा धाकटा पुतण्या बेळगावास बचाव फळीत खेळतो. दिवाळीनंतर तो म्हणू लागला, "काका, पुढे खेळायला मिळणार नसेल तर मी खेळच सोडतो." आम्ही वाद घातला नाही. भात मळून खळे मोकळे झालेच होते. सायंकाळी त्याला व त्याच्या चुलतभावाला तेथे उभे केले.

दोघांत दहा पावलांचे अंतर आणि मध्ये हातभर फटीचे दोन दगड. चेंडू त्या फटीतून जाऊन समोरच्याच्या स्टिकवर यावा, एवढाच नेम. टोला मारावयाचा नाही. स्टिक उगारण्यात वेळ जातो व प्रतिस्पर्ध्यास दिशा कळते. स्टिक चेंडूला टेकवूनच ढकलली की दोन्ही टळते. चेंडू येण्यापूर्वीच साथीदार कोठे आहे ते पाहावे. चेंडू पायांत अडकू न देता, पुढचा पास ज्या बाजूस द्यावयाचा तिकडे किंचित वळवून घ्यावा. आपल्याच गोलासमोरून आडवा पास शक्यतो देऊ नये. तो हुकला तर मागे केवळ गोलरक्षक उरतो. बर्फावरील हॉकीत चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तथापि तेथील बचावाच्या जोडीलाही हीच सावधगिरी बाळगावी लागते.

सलग वीस पास बिनचूक व्हावेत, अशी आमची अट होती. पहिल्या आठवड्यात ती पुरी झाली नाही. मुलगा हिरमुसला. तेव्हा आम्ही त्यास टोकियो ऑलिंपिकची हकीकत सांगितली. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी भारताने पाकिस्तानवर १-० असा विजय मिळविला. गोल मोहिंदर लाल यांचा. पण एका गोलावर सुवर्णपदक राखले ते मागच्या गड्यांनी. गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फंट्रीचे, जिचे केंद्र बेळगावात आहे. बेळगावचे बंडू पाटीलही त्याच संघात होते.

"आणि बचावाला कोण होते?" त्याने विचारले.

"पृथिपाल सिंग, गुरबक्ष सिंग, धरम सिंग."

इतक्या वर्षांनी ही नावे आम्हांस तोंडपाठ आहेत, याचे त्याला नवल वाटले. दुसऱ्या दिवशी दगड त्यानेच मांडले.

वाचकहो, आपल्या घरी असा मागे खेळणारा मुलगा असेल, तर सामन्याहून परतल्यावर गोल किती झाले हे विचारण्याआधी, त्याचे किती पास बिनचूक गेले ते विचारा.