भेटींच्या गावात स्पर्धा

गल्लीत मोफत कलामहोत्सव भरवायची कल्पना माझी होती. सोबतच्या पोरांनी मांडव घातला, पत्रकं वाटली, खुर्च्या मांडल्या. पण काय असावं, कधी असावं, कोणी किती वेळ गावं, हे सगळं मी ठरवलं. म्हणून त्यात जे चुकलं तेही मीच लिहायला हवं. गावात त्याबद्दल अजून बोललं जातं, फक्त माझ्यासमोर कोणी बोलत नाही.

कडेगाव म्हटलं की सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला ताबूत आठवतात. कळकाच्या कामट्यांचे, रंगीत कागदांचे, शंभर-सव्वाशे फूट उंचीचे. बकरी ईद झाली की बांधणी सुरू होते आणि मोहरमच्या दहाव्या दिवशी ते माणसांच्या खांद्यांवरून निघून चौकात एकमेकांना भेटतात. पाटील, देशपांडे, हकीम, बागवान अशा घराण्यांच्या नावांनी ते ओळखले जातात; हिंदूंचे ताबूत आहेत, मुसलमानांचे आहेत, आणि खांदा देताना कोण कोणाच्या ताबुताखाली आहे हे कोणी बघत नाही. दीडशे वर्षांच्या आसपास हे चाललं आहे. या भेटींना तिकीट नाही. पास नाही, राखीव रांगही नाही. म्हणजे गल्लीबोळांतला, सगळ्यांना खुला असलेला कलेचा सोहळा आमच्याकडे आधीपासून होताच. मला तो दिसत होता, पण पुरेसा वाटत नव्हता.

मी याच गावात वाढलो. लहानपणी ताबुतामागे पळालो, मोठा झाल्यावर खांदाही दिला. मग नोकरीसाठी बरीच वर्षं पुण्यात काढली, तिथले महोत्सव बघितले आणि एक गोष्ट मनात धरून परतलो: आपल्या गावच्या कलांना व्यासपीठ मिळालं पाहिजे. व्यासपीठ नव्हतं म्हणून कोणाचं काय अडलं होतं, हे मी एकालाही विचारलं नाही. पुढचं बहुतेक सगळं या न विचारण्यातून झालं.

महोत्सवासाठी मी बकरी ईद ते मोहरम हाच काळ निवडला. बाहेरून माणसं येतील, त्यांना बांधणीही बघता येईल, असा माझा विचार. पण कारागिरांना वर्षात सगळ्यात कमी सवड असते ती याच महिन्यात. त्यातून हिजरी वर्ष निव्वळ चांद्र. आपल्यासारखा अधिकमास त्यात नाही, त्यामुळे मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2019 मध्ये दहावा दिवस 10 सप्टेंबरला आला आणि अनंत चतुर्दशी 12 ला. गेल्या काही वर्षांत तो सरकत पावसाळ्याच्या तोंडाशी आला आहे. 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकाच तारखेला होते. कागदाचं काम आणि वर आभाळ भरलेलं. कोरडी संध्याकाळ मिळाली की ती कामाला लावायची असते, आणि तीच संध्याकाळ मी मागून घेतली. कारागीर आले. गावच्या पोराला नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यामागे होतं. त्या संध्याकाळचं राहिलेलं काम त्यांनी दुसऱ्या रात्री जागून पुरं केलं, हे मला बऱ्याच दिवसांनी समजलं.

मांडवात मी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. लोकांसमोर एक लहान ताबूत उभा करायचा, पुरुषभर उंचीचा. मी निवेदनही लिहून काढलं होतं: आधी पाया, मग एकेक मजला, शेवटी कळस. बांधणीत केस पांढरे झालेले एक चाचा तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले. वाचता येत नाही की काय असं मला वाटलं, आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, तू खांदा दिलायस न्हवं? मग हे कुठनं आणलंस?"

कडेगावचा ताबूत वरून खाली बांधतात. आधी कळस. तो तयार झाला की वर घ्यायचा आणि त्याच्याखाली पुढचा मजला जोडायचा, मग सगळं पुन्हा वर, पुन्हा खाली नवा मजला. पाया सगळ्यात शेवटी. मजले अष्टकोनी असतात, खाली येतील तसे रुंद होत जातात. याचा अर्थ कारागिराचे हात महिनाभर जवळजवळ एकाच उंचीवर काम करतात आणि ताबूत त्यांच्या डोक्यावर वाढत जातो. वरच्या मजल्यात काही वाकडं राहिलं तर ते खाली प्रत्येक मजल्यात उतरतं, म्हणून कळसाला सगळ्यात कसलेला हात लागतो. नवशिक्या पोराला खालच्या मजल्यांवर बसवतात. किती वर्षांत कोण किती वर सरकला, यावरून त्याची कारागिरी मोजली जाते. हे सगळं मला चाचांनी त्या रात्री मांडवामागे सांगितलं. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर दरवर्षी हे होत होतं आणि मी चाळिशी गाठेपर्यंत ते धडपणे बघितलं नव्हतं. तयार ताबूत बघितला होता. त्याचे फोटो काढले होते, पुण्यातल्या मित्रांना अभिमानानं दाखवले होते.

प्रात्यक्षिक तरीही झालं, कारण पत्रकात छापलं होतं. एका संध्याकाळात कळसापासून पायापर्यंत जाणं शक्य नव्हतं. त्यामुळे चाचांनी फक्त कळस बांधला आणि तो जमिनीवर ठेवून ते उठले. लोकांना वाटलं काम अर्धवट राहिलं. निवेदक मीच होतो. कळस हीच सुरुवात असते, एवढं एक वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. घड्याळाकडे बघून मी पुढचा कार्यक्रम पुकारला.

पुढचा कार्यक्रम रिवायतींचा. मोहरमात आमच्याकडे ही गाणी मेळ गातात, हिंदूंचेही आणि मुसलमानांचेही. एकानं ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. गाणारे एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात, कारण ओळ कधी झेलायची हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मी रंगमंचावर एका ओळीत माइक लावले आणि सगळ्यांना प्रेक्षकांकडे तोंड करायला सांगितलं. दहा मिनिटांची वेळ दिली. पहिल्या दोन-तीन ओळींतच त्यांचा मेळ सुटला. मी रेकॉर्डिंग नंतर ऐकलं तेव्हा मला त्यात फक्त वेगवेगळे आवाज ऐकू आले.

याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण या गाण्याचा इतिहास मला ठाऊक होता आणि मी तो निवेदनात सांगितलाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यासारख्या शहरातही हिंदू मोठ्या संख्येनं ताबुतांच्या मिरवणुकीत असायचे. 1893 च्या मुंबईतल्या दंगलीनंतर पुण्यात ताबुतांपासून दूर राहण्याची हाक दिली गेली आणि 1894 पासून वाढत गेलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवानं मेळ्यांची पद्धत मोहरमाकडूनच घेतली, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. शहरांत तो धागा तुटला, कडेगावात टिकला. इतकं जाणून असलेल्या माणसानं त्या गाणाऱ्यांना एकमेकांकडून तोंड फिरवायला लावलं.

समारोपाला सिनेमातल्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता. ताबूत म्हणजे इमाम हुसेन यांच्या कबरीची प्रतिकृती. हिजरी 61 मध्ये, म्हणजे इसवी सन 680 मध्ये, करबलेत ते शहीद झाले, त्याचा हा शोक. मोहरम लागला की अनेक घरांत लग्नकार्य काढत नाहीत. आमचा समारोप नेमका मोहरमच्या पहिल्या दिवसांत आला. शेजारच्या चाची, ज्यांनी लहानपणी मला मोहरमचे गोड चोंगे भरवले, त्या महोत्सवाला आल्याच नाहीत. मी कारण विचारायला गेलो तेव्हा त्यांनी गूळपाणी दिलं आणि विषय बदलला. उंची, रंग आणि गर्दी बघता बघता हा दुखवटा आहे हे मी विसरलो होतो.

शाहिरांची गोष्ट लिहायला जड जाते. जवळच्याच गावातले हे वयस्कर शाहीर. मी त्यांना ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारचा पोवाडा म्हणायला बोलावलं. आमच्या पंचक्रोशीत हा विषय घरचा आहे. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या तुफान सेनेनं 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवली, ते शेणोली इथून दूर नाही. शाहिरांचा पोवाडा त्या गाडीपर्यंत पोचायला वेळ घेतो. आधी गावं येतात, उपाशी घरं येतात, रात्रीच्या बैठका येतात, आणि मग रूळ. ते बैठकांपर्यंत आले आणि मी विंगेतून वेळ संपल्याची खूण केली. त्यांनी तिथंच डफ थांबवला आणि नमस्कार केला. शाल-श्रीफळ घेऊन ते शेवटच्या एसटीनं गेले. गाडी काही आलीच नाही, असं समोर बसलेली पोरं म्हणत होती.

पैसे मी कोणालाच दिले नव्हते. महोत्सव मोफत होता, आणि मोफत याचा अर्थ मी सगळ्यांसाठीच मोफत असा धरला. मांडववाल्याचं बिल भागवलं, स्पीकरवाल्याचं भागवलं, छपाईचं भागवलं. ज्याच्यासाठी हे सगळं होतं त्यानं एसटीचं तिकीटही खिशातून काढलं. ताबुतात कोणी मानधन घेत नाही, असं समर्थन मी तेव्हा करत होतो. पण ताबुतात नुसता घेणाराही कोणी नसतो. कोणी कळक देतं, कोणी कागद, कोणी राबतं, कोणाच्या घरून सरबत येतं. माझ्या मांडवात मात्र देणारे फक्त कलावंत होते. नंतर मी शाहिरांच्या घरी गेलो आणि पाकीट दिलं. त्यांनी ते मोजून घेतलं, मला ते बरं वाटलं. म्हणाले, "फुडच्या येळी आधी सांगा. म्हंजी हलगीवाला पन आणतो. त्याबिगर गाडी न्हाय येत." मी पुढच्या वर्षी आधी सांगितलं, हलगीवाल्याचेही पैसे ठरवले आणि वेळेची अट घातली नाही. मारुतीच्या देवळाच्या पटांगणात, मोहरमनंतर, पिकाची घाई ओसरल्यावर. त्या रात्री गाडी आली.

मांडव आता आम्ही घालत नाही. बांधणीच्या महिन्यात ज्यांना काम बघायचं असेल त्यांनी कारागिरांकडेच जावं, चपला बाहेर काढून बसावं, सांगितली तर कामटी धरावी. शाळेची पोरं संध्याकाळी वही घेऊन येतात आणि मजल्यांची चित्रं काढतात, कळसापासून खाली. चाचा त्यांच्या वह्या बघतात आणि चुकलेल्या कोनावर बोट ठेवतात. मेळातल्या जुन्या रिवायती लिहून घ्यायचं काम दोन कॉलेजच्या मुली करत आहेत. गाणारे रिंगण करून बसतात आणि फोन मधोमध ठेवलेला असतो.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. महोत्सवात मी लहान ताबुतांची स्पर्धा ठेवली होती, पहिला नंबर, दुसरा नंबर, चषक. आमच्या ताबुतांत चढाओढ नसते असं नाही. यंदा कोणाचा देखणा झाला यावर पारावर रात्ररात्र बोलणं होतं. पण निकाल कोणी लावत नाही, आणि ताबूत उचलायचा क्रम उंचीवर ठरत नाही, मानावर ठरतो. मी निकाल लावला, माइकवरून. पहिला आणि दुसरा आलेली पोरं दोन वेगळ्या ताबुतांवर बसणारी, पण सामान एकमेकांकडून नेणारी. त्या रात्रीपासून त्यांचं येणंजाणं थांबलं. चषक परत घ्यायला मी पहिल्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी चहा दिला, चषक दिला नाही. दुसऱ्याच्या आजोबांकडे गेलो आणि म्हणालो, की दोघांना समोरासमोर बसवतो, माफी मागतो, मिटवून टाकू. त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं. म्हणाले, "मिटवायचं त्यांचं ती मिटिवत्याल. दोघांचं ताबूत चौकात भेटत्यात का न्हाय, मग? तू मधी पडू नगंस."

मी त्यांना तसा शब्द दिला आहे.