बारीक आहेस, तुला काय होणार?

आमच्या घरी बारीक असणं म्हणजे तब्येतीचं सर्टिफिकेट. बाबा बारीक, काका बारीक, मीही बारीक. लग्नात भेटणारे नातेवाईक कौतुकाने म्हणतात, "अगदी बाबांवर गेलायस हो!" बाबांची एकावन्नाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात नसतं. सिगरेट नाही, दारू नाही, नजरेत भरेल असं पोट नाही. "यांना कसं काय झालं?" हा प्रश्न देवनारच्या आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने आईला विचारला.

वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर ती आपलीही जोखीम धरतात. मी २८ वर्षांचा. सिस्टिम कधी आणि का बंद पडेल याचा अंदाज बांधणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे वाचायला लागलो, आणि पहिला धागा पुण्यात सापडला.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या टीमला हेच बाळांमध्येही दिसलं होतं. पुण्याजवळच्या गावांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिली. वरून बारीक, आतून जाड.

५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण सहा वर्षं आधी आलेला दिसला. आणि जगभर पुरुषांना तो बायकांपेक्षा सुमारे नऊ वर्षं आधी येतो.

झटका एका दिवशी येतो, पण धमन्यांचं काम त्याआधी कितीतरी वर्षं बिघडत असतं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तेव्हा महाधमनी फुग्यासारखी ताणली जाते आणि मग आकसून ते रक्त पुढे ढकलते. हा ताण ज्या इलॅस्टिनच्या धाग्यांमुळे येतो, ते बहुतेक लहानपणीच तयार होतात. नंतर झिजले की नवे जवळपास मिळत नाहीत. वय, ब्लड प्रेशर, साखर यांनी धमनी ताठर होत जाते. मग नाडीची लाट तिच्यातून जास्त वेगाने धावते. तरुण माणसात हा वेग सेकंदाला सहा-सात मीटर असतो. दहाच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. माझ्या धंद्यात वेग वाढला की पार्टी होते. इथे वेग वाढला की लाट लवकर परत फिरते आणि हृदयाला तिच्याविरुद्ध जोर लावावा लागतो. यातलं काहीही दुखत नाही.

त्यात आमचा पत्ता. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं, तेव्हाचा धूर उपग्रहाच्या फोटोंतही दिसला. आम्ही धूर म्हटलं की खोकल्याचा विचार करतो. पण त्यातले बारीक कण वर्षानुवर्षं श्वासात गेले की धमन्यांनाही इजा होते.

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या बीएमआयसमोर हिरवी टिकमार्क होती, २२.६. घरी आईच्या शिलाईच्या टेपने कंबर मोजली: ९३ सेंटीमीटर. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० ची आहे. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पँटचा साइज यात चालत नाही. मग ब्लड प्रेशर, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेतलं. तीन महिन्यांनी परत जायचंय. तोवर रोज संध्याकाळी चालणं आणि आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलणं.

डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला, म्हणून बाबांना आजोबांबद्दल विचारलं. लहानपणापासून ऐकलेलं एवढंच, की आजोबा जेवून झोपाळ्यावर बसले आणि बसल्या बसल्या गेले. पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. वय किती होतं, हे मी प्रथमच विचारलं. बाबांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "त्रेपन्न असेल." मग थोडं थांबून म्हणाले, "तेही बारीकच होते."

फॉर्मवर मी दोघांचीही वयं लिहिली.